बालसंगोपनचा आदेश हातात पडेपर्यंत

दादाची दोन लेकरं मार्च २०२४ पासून आमच्याकडे आहेत. दादा २०१९ मध्ये अपघातात गेला आणि वहिनी दीर्घ आजारपणानंतर गेल्या. आमच्याकडे आली तेव्हा थोरली आठवीत होती, धाकटा दुसरीत. मी त्यांची आत्या. तेराव्याला जमलेल्यांपैकी एकाने सुचवलं, धाकट्याला बालगृहात ठेवा, तिथं खाणंपिणं-शिक्षण सगळं फुकट, आणि थोरलीला आजोळी पाठवा. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. आमच्या घरात आधीच दोन मुलं, यांची दूध संकलन केंद्रावरची नोकरी आणि माझी शिलाई मशीन, हे गावाला ठाऊक आहे. पण भावंडं फोडायची नाहीत एवढं आम्ही दोघांनी त्याच रात्री ठरवलं. बाकीचं कसं निभवायचं ते तेव्हा माहीत नव्हतं.

बालसंगोपन योजनेचं नाव पहिल्यांदा अंगणवाडीच्या ताईंनी काढलं. प्रत्येक गावात बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. आमच्या गावात ती समिती कागदावरच होती, पण ताई कागदावर नव्हत्या. त्यांनी सांगितलं की अनाथ मुलं नातेवाइकांकडे राहत असतील तर सरकार त्यांच्या सांभाळासाठी महिन्याला पैसे देतं. आणि मग त्या असं काही बोलल्या की मला रात्रभर झोप लागली नाही. एक पालक गेलेल्या मुलांनाही ही योजना लागू आहे. म्हणजे दादा गेल्यापासून वहिनींना ती मिळू शकत होती. वहिनी शेतमजुरीला जात होत्या, आणि त्या पाच वर्षांत त्यांना हे कुणीच सांगितलं नाही. तुमच्या ओळखीत नवरा गेलेली, लहान मुलं असलेली बाई असेल तर पुढचं वाचायच्या आधी तिला फोन करा.

योजना जुनी आहे. आधी एका मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळायचे. कोविडनंतर, २०२१ मध्ये ते १,१०० झाले. मे २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आणि रक्कम २,२५० केली. शिवाय मुलामागे २५० रुपये योजना राबवणाऱ्या संस्थेला मिळतात. हा शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवून त्याची छापील प्रत पिशवीत ठेवा. मला त्याचा दोनदा उपयोग झाला, कारण समोरचा माणूस अजून ११०० वरच होता.

लोक भलतीच नावंही सांगतात, म्हणून हेही लिहिते. ‘पाच लाखांची ठेव मिळते’ असं मला किमान चार जणांनी सांगितलं. ती कोविडमध्ये आईवडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी होती, केंद्राची दहा लाखांची योजनाही त्याच काळातल्या मुलांसाठी. आमचं ते प्रकरण नव्हतं. दुसरा घोळ ‘मिशन वात्सल्य’ या नावाचा. राज्याने २०२१ मध्ये कोविडमध्ये विधवा झालेल्या महिलांसाठी आणि मुलांसाठी तालुक्यात या नावाने काम सुरू केलं, आणि २०२२ पासून केंद्राच्या बाल संरक्षणाच्या योजनेचंही नाव तेच. केंद्राच्या योजनेत प्रायोजकत्व म्हणून मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण त्याला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. यांचा पगार धरून आम्ही त्याच्या वर गेलो. दोन्हींतला एकच लाभ घेता येतो. तुमचं उत्पन्न खाली असेल तर आधी प्रायोजकत्वाचं विचारा. आपण विचारलं नाही तर कार्यालयात कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

एप्रिल-मे लोकसभेच्या आचारसंहितेत गेले. अर्ज जिथं द्यायचा त्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातले अर्धे लोक निवडणुकीच्या कामावर. जूनमध्ये कागद जमवायला लागले. दोन्ही मुलांचे आधार आणि शाळेचं बोनाफाईड, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, माझं आधार, बँक पासबुक, आणि मुलांचा सांभाळणाऱ्यासोबत घरासमोर काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. हा फोटो ऐकायला किरकोळ वाटतो. फोटो काढायचा म्हणून थोरलीने सणाचा ड्रेस घातला आणि धाकट्याने रडून गोंधळ घातला, कारण त्याला वाटलं हा फोटो बालगृहात देण्यासाठी आहे. तेराव्यातलं ते बोलणं त्याने ऐकलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मृत्यूच्या दाखल्याचं एक लक्षात ठेवा. मृत्यू ज्या ठिकाणी झाला तिथल्याच कार्यालयात त्याची नोंद असते. वहिनी शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेल्या, म्हणून दाखला महापालिकेतून आणावा लागला. दादाचा अपघात तिसऱ्याच तालुक्यात झालेला, त्याचा दाखला तिकडून. एकदा गेलात की चार-पाच प्रती घ्या. शाळा, बँक, तलाठी, सांभाळाचा आदेश देणारी बाल कल्याण समिती, सगळे मूळ प्रत बघायला मागतात.

आणि मग आला जुलै. लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि सेतू केंद्रासमोर पहाटेपासून रांग. उत्पन्नाचा दाखला सगळ्या तालुक्याला एकाच आठवड्यात हवा होता. मीही रांगेत होते. पुढची बाई, मागची बाई, सगळ्या मला विचारत, ‘तुमचा फॉर्म भरला का?’ मी सांगितलं, माझा फॉर्म वेगळा आहे. कुणाला खरं वाटेना. गंमत म्हणजे दोन्ही योजना एकाच महिला व बालविकास विभागाच्या. तिकडे मंत्र्यापासून अंगणवाडीपर्यंत सगळी यंत्रणा एका कामाला जुंपलेली, आणि आपली फाईल ठेवायलासुद्धा टेबलावर जागा नाही. त्या बायकांना पैसे मिळाले त्याचा मला आनंदच आहे, माझ्या जाऊबाईंनाही मिळाले. पण अनाथ लेकरांच्या फायलीसाठी तेवढी धावपळ कुणी केली असती तर, हा विचार मनात येतोच.

याच दिवसांत एकाने ‘समितीत ओळख आहे, मुलामागे तीन हजार द्या, महिन्यात आदेश’ असंही सांगितलं. या अर्जाला कसलीही फी नाही. माझा खर्च झाला तो झेरॉक्स, फोटो, सेतूची पावती आणि एसटीचा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून जिल्ह्याला जाणं परवडलं. यांना घेऊन गेले की पूर्ण तिकीट, आणि डेअरीची रजा वेगळी. म्हणून बहुतेक वेळा मी एकटीच गेले.

धाकट्याच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आणि शाळेत वेगळं. हे आधी तपासा. अर्ज गेल्यावर सापडलं तर फाईल परत येते. आमचं शाळेच्या हेडमास्तरांच्या डोळ्यांना दिसलं, आणि त्यांनी जन्मदाखल्यावरून आधी आधार दुरुस्त करून आणायला लावलं. त्यात ऑगस्ट उजाडला.

अर्ज दिला त्या दिवशी मी आवक क्रमांक मागितला. बाबू म्हणाले, ‘ताई, ठेवून जा, होऊन जाईल.’ मी माझ्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. तो क्रमांक पुढे सगळीकडे चालला. फोनवर ‘कुठलं प्रकरण?’ असं विचारलं की नाव सांगून काही होत नाही, क्रमांक सांगितला की रजिस्टर उघडतं.

सप्टेंबरमध्ये, गौरी-गणपती उरकल्यावर, गृहभेटीसाठी सामाजिक कार्यकर्त्या आल्या. मी घर सारवून-पुसून, पोहे करून वाट बघत होते. त्या पोह्यांना हात न लावता आधी स्वयंपाकघरात गेल्या, मग मुलं कुठं झोपतात ते बघितलं, दप्तरं बघितली, संडास बघितला. मला थोडा राग आला होता, खरं सांगते. मग त्या मुलांशी बोलायला बसल्या आणि राग गेला. त्यांनी धाकट्याला आईबद्दल काही विचारलं नाही. त्याला विचारलं की घरात तुझी भांडणं कुणाशी होतात. तो माझ्या लेकाचं नाव घेऊन जे सुरू झाला ते थांबेना. जाताना त्या मला म्हणाल्या, ‘भांडतोय म्हणजे रुळलाय.’ चहा घेतला, पोहेही खाल्ले. त्यांनी शेजारी दोन घरांत जाऊन आमच्याबद्दल चौकशी केली. तुमच्याकडेही करतील, त्यात अपमान मानू नका. लेकरं कुणाच्या ताब्यात द्यायची तर हे बघायलाच हवं.

याच बाईंकडून मला बदललेल्या कायद्याचं थोडं कळलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच म्हटलंय की मुलाची पहिली जागा कुटुंबात, संस्था हा शेवटचा पर्याय. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. तेव्हापासून जिल्ह्यातल्या बाल संरक्षणाच्या कामावर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख आहे, बाल कल्याण समितीला दर तीन महिन्यांनी त्यांना अहवाल द्यावा लागतो. मी तेव्हा मान डोलावली. याचा उपयोग मला पुढे झाला.

पंधरा ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा तेच. वीस नोव्हेंबरला मतदान होईपर्यंत कक्षात फोन उचलायला एक मुलगा होता. मधल्या काळात एक प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं, मुलांचा सांभाळ आम्ही करतो असं. स्टॅम्प व्हेंडर म्हणाला, शंभरचा स्टॅम्प बंद झालाय, पाचशेचाच घ्या. शंभरचा बंद झाला हे खरं होतं, त्याच महिन्यात झाला. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासून. आमच्या गल्लीतल्या वकिलाकडच्या कारकुनाने हे सांगितलं आणि तहसीलमध्ये साध्या कागदावर काम झालं. पाचशे रुपये म्हणजे आमच्याकडे धाकट्याचे बूट आणि वर काही.

बाल कल्याण समितीपुढे आम्ही डिसेंबरमध्ये गेलो. आमच्याकडे या जागेला सगळे रिमांड होमच म्हणतात, आणि आवार एकच असल्यामुळे ती चूकही म्हणता येत नाही. सासूबाईंनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘लेकरं तिथं दाखवू नको, ठेवून घेतील.’ एसटीत थोरली एक शब्द बोलली नाही.

कोर्टासारखं काही असेल असं मला वाटत होतं. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत हे ऐकून धडकी भरलेली. आत गेलो तर एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. समितीने उंच जागेवर बसायचं नाही, पिंजरा वगैरे असायचा नाही, असा नियमच आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी समिती असते, त्यात एक तरी महिला हवीच. आमच्या दिवशी तिघे होते.

मला विचारलं, स्वतःची दोन मुलं असताना हे कसं करणार? मी हिशेब सांगितला. यांचा पगार, माझी शिलाई, शेतातलं धान्य. मग शेताचा विषय निघाला. दादाच्या नावावर दीड एकर आहे. कोण कसतं, उत्पन्न कुठं जातं, सातबाऱ्यावर मुलांची वारस नोंद झाली का, हे खोदून विचारलं. नोंद आम्ही मे महिन्यातच तलाठ्याकडून करून घेतली होती, मुलांची नावं आणि खाली अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलांना सांभाळणारी, म्हणून माझं. सातबारा सोबत होता, तो दाखवला. हा प्रश्न येतोच. जमीन असेल तर सातबारा नेल्याशिवाय जाऊ नका, आणि आजोळच्या माणसांचं लेखी नाहरकतही न्या. आमच्याबरोबर वहिनींचे वडील स्वतः आले होते. त्यांनी सही करताना विचारलं, ‘नातवंडं दिवाळीला माझ्याकडे येतील ना?’ अध्यक्षबाईंनी ते आदेशात लिहून घेतलं, सुट्ट्यांत आजोळी जाता येईल म्हणून. त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

थोरलीशी महिला सदस्य वेगळ्या खोलीत बोलल्या. आम्हाला बाहेर बसवलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परतताना बसस्टँडवर वडापाव खाता खाता तीच म्हणाली, ‘मी त्यांना विचारलं, आम्हाला दोघांना वेगवेगळं ठेवाल का? त्या म्हणाल्या, नाही.’ हे विचारायला ती नऊ महिने थांबली होती, आणि आम्हाला विचारायची तिची हिंमत झाली नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये आदेश मिळाला. दोन पानं, दोघांचा वेगवेगळा. मी पैशासाठी अर्ज केला होता, पण खरी कमाई ही दोन पानं आहेत असं माझं मत झालंय. तोवर शाळेत, दवाखान्यात, आधार केंद्रात प्रत्येक ठिकाणी ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला मी ‘आत्या’ म्हणायचे आणि समोरचा ‘आईवडिलांना घेऊन या’ म्हणायचा. मग सगळं सांगायचं, लेकरांच्या समोर. आता कागद पुढे करते. थोरलीला पंधरा पूर्ण झाल्यावर आधारचे ठसे पुन्हा द्यावे लागले, तेव्हा केंद्रावर पाच मिनिटांत काम झालं. आदेशाच्या दोन रंगीत झेरॉक्स करून घ्या, मूळ प्रत घराबाहेर काढू नका.

बँकेने मात्र घाम काढला. पैसे मुलांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. थोरली दहा वर्षांच्या वरची, तिचं खातं तिच्या एकटीच्या सहीने उघडता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. धाकट्याचं जुनं खातं वहिनींच्या पालकत्वाखालचं होतं. बँक म्हणे, नैसर्गिक पालक नाहीत तर कोर्टाचा पालकत्वाचा हुकूम आणा. समितीचा आदेश दाखवला तरी मान हलेना. शेवटी बाल संरक्षण कक्षाने बँकेच्या नावे पत्र दिलं, त्यावर आदेशाचा क्रमांक, आणि मग दुसऱ्या शाखेत नवीन खातं निघालं. अर्ज करतानाच कक्षात हे बोलून ठेवलंत तर हा महिना वाचेल.

खाती तयार झाली, पैसे आले नाहीत. मार्च गेला, एप्रिल गेला. ‘निधी आलेला नाही.’ जूनमध्ये चौघांची वह्या-पुस्तकं, दोन गणवेश, आणि माझी मशीन रात्री अकरापर्यंत. तेव्हा गृहभेटीतलं बोलणं आठवलं आणि मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. तक्रारीचा सूर ठेवला नाही. आदेशाची तारीख, दोन्ही मुलांचे क्रमांक, किती महिन्यांचं येणं आहे, एवढंच. प्रत समितीला आणि कक्षाला. त्याने काम झालं की निधीच तेव्हा सुटला, मला सांगता येणार नाही. ऑगस्टमध्ये दोन्ही खात्यांत मागचे काही महिने एकदम जमा झाले. त्यानंतरही ते नियमित येत नाहीत, चार-सहा महिन्यांनी एकदम येतात. म्हणून महिन्याच्या किराण्याचा भार या पैशावर टाकू नका. आम्ही ते शाळा, कपडे आणि थोरलीच्या दहावीच्या शिकवणीसाठी वेगळे ठेवतो.

दरवर्षी बोनाफाईड आणि गुणपत्रक देऊन नूतनीकरण करावं लागतं. मुदत आदेशावर लिहिलेली असते, ती संपायच्या दोन महिने आधी कक्षात जा. मुलं अठराची होईपर्यंत लाभ आहे. अनाथांसाठी राज्यात शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, आणि नातेवाइकांकडे वाढणारी मुलंही त्यात येतात. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, ते विभागीय उपायुक्तांकडून मिळतं. थोरलीचा अर्ज आम्ही आत्ताच टाकलाय, बारावीच्या प्रवेशाच्या धावपळीत ते नको.

जिल्ह्याचं कार्यालय कुठं आहे हेही माहीत नसेल तर १०९८ ला फोन करा. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आता सरकारकडेच आहे. संकटातल्या मुलांसाठी तर ती आहेच, पण मला समितीचा पत्ता आणि बसण्याची वेळ तिथूनच कळली.

राहिला जमिनीचा प्रश्न. समितीचा आदेश सांभाळाचा आहे, मालमत्तेचा नाही. शेत विकायचं नाही, पण शेजारच्या बांधावरून वाद सुरू झालाय आणि तिथं कोर्टाने नेमलेला पालक लागतो, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. जिल्हा न्यायालयात अर्ज केलाय, वकिलांनी पंधरा हजार सांगितलेत, निम्मे दिलेत. तारीख पुढच्या महिन्यात आहे.